०:०:५० मध्ये सिल्व्हर नायट्रेट टाकलं आणि दुधासारखं झालं, म्हणजे भेसळ का?

रावेर तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न आहे. थोडक्यात सांगतो. केळीची मृगबाग निसवणीला आली आहे, म्हणजे घड बाहेर पडू लागलेत. ठिबकमधून सोडायला ०:०:५० च्या, म्हणजे पोटॅशियम सल्फेटच्या (एसओपी) बॅगा घेतल्या. गावात बोलवा आहे की यात एमओपी (म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड) मिसळून येतं. भाचा बी. एस्सी. करतोय, त्याने सरांना विचारून थोडं सिल्व्हर नायट्रेट, बेरियम क्लोराइड आणि अमोनिया आणलं. चमचाभर खत पाव ग्लास बोअरच्या पाण्यात विरघळवलं, त्यातलं थोडं परीक्षानळीत घेऊन तेवढंच सिल्व्हर नायट्रेट ओतलं. एकदम पांढराशुभ्र साका. अमोनिया टाकल्यावर साका विरघळला. दुसऱ्या नळीत बेरियम क्लोराइड टाकलं, तिथेही पांढरं. दुकानदार म्हणतो माल चांगला आहे. आता भाऊंचं म्हणणं, "एमओपी आहे हे सिद्ध झालं ना? तक्रार करू का?"

सिद्ध झालं नाही, भाऊ. पण माल चांगला आहे हेही त्यातून ठरत नाही. तुम्ही केलेली चाचणी एका प्रश्नाचं उत्तर देते आणि तुम्हाला हवं आहे वेगळ्याच प्रश्नाचं. 'क्लोराइड आहे का?' असं विचाराल तर या भागातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत ते आहेच: बोअरच्या पाण्यात, घामात, हाताला लागलेल्या शेवेत. तुम्हाला विचारायचं आहे, 'किती आहे, आणि जेवढं असायला परवानगी आहे त्याहून जास्त आहे का?' आयनाची साधी चाचणी फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगते. ते आयन कुठल्या पोत्यातून आलं, हे तिला कळत नाही.

आधी परवानगी किती, ते पाहू. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार पोटॅशियम सल्फेटमध्ये पालाश (पोटॅश) किमान ५० टक्के, गंधक किमान १७.५ टक्के आणि एकूण क्लोराइड, म्हणजे क्लोरीन म्हणून मोजलेलं, कोरड्या वजनावर जास्तीत जास्त २.५ टक्के चालतं. म्हणजे कायद्यानेच त्यात थोडं क्लोराइड गृहीत धरलं आहे. याचं कारण खताच्या जन्मात आहे. बाजारातलं बरंचसं एसओपी मानहाइम नावाच्या रीतीने बनतं. त्यात एमओपी आणि सल्फ्युरिक ॲसिड भट्टीत तापवतात, हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन निघून जातो आणि पोटॅशियम सल्फेट मागे राहतं. सगळं क्लोराइड काही उडून जात नाही, थोडं राहतंच, कधी थोडी आम्लताही राहते. तेव्हा एसओपीत क्लोराइड दिसलं म्हणजे कुणी पोत्यात हात घातला, असं लगेच म्हणता येत नाही.

आता तुमच्या नळीत काय झालं ते बघू. चमचाभर खत म्हणजे धरा ५ ग्रॅम. पाव ग्लास म्हणजे साधारण ५० मिली पाणी. हे झालं लिटरला १०० ग्रॅम, म्हणजे एसओपी पाण्यात जेवढं विरघळू शकतं त्याच्या काठावरचं द्रावण. अशा द्रावणात खत अगदी नियमात बसणारं, अडीच टक्के क्लोराइडचं असलं, तरी लिटरमागे २५०० मिलिग्रॅम क्लोराइड आहे. अगदी उत्तम, अर्ध्या टक्क्याचं असलं तरी ५०० मिलिग्रॅम. सिल्व्हर नायट्रेटला लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅम क्लोराइडसुद्धा धुकट दिसतं. सिल्व्हर क्लोराइड पाण्यात विरघळतं ते लिटरला जेमतेम २ मिलिग्रॅम. तेव्हा तुमच्या ग्लासात चांगला माल असता तरी दूध झालंच असतं. चिखलात पाय बुडवून 'जमीन ओली आहे का' विचारण्यातला हा प्रकार.

त्यात भर तुमच्या बोअरच्या पाण्याची. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. मी जळगाव भागात माती, पाणी आणि खतांचे नमुने तपासतो. तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात एका विहिरीचं पाणी गोड आणि बांधापलीकडच्या बोअरचं मचूळ, हे नेहमीचंच आहे. तुमचं नुसतं पाणी नळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून पाहिलं का? प्रश्नात तसं कुठे लिहिलेलं नाही. ते नसेल केलं, तर बाकीच्या निरीक्षणावर बोलण्यात अर्थ उरत नाही. जारचं पाणी किंवा घरच्या आरओचं पाणीही कोरं धरू नका, त्यातही थोडं क्लोराइड असतं. डिस्टिल्ड पाणी घ्या, आणि तेही आधी तपासून. बॅटरीचं पाणी म्हणून जे मिळतं त्यात काही बाटल्या छान निघतात, काही नुसत्या नावाच्या.

तिसरी गोष्ट कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये सहसा सांगत नाहीत, पण खताच्या बाबतीत नेमकी तीच आडवी येते. सिल्व्हर सल्फेट पाण्यात चांगलं विरघळत नाही. लिटरला साधारण ८ ग्रॅम, बस. तुमच्या द्रावणात सल्फेट खच्चून भरलेलं आणि वरून तेवढंच सिल्व्हर नायट्रेट ओतलेलं. अशा वेळी क्लोराइडचा कणही नसता तरी सिल्व्हर सल्फेटचा पांढरा साका बसू शकला असता. भाच्याला सांगा, एक नळी परत करून बघ: साका पडल्यावर त्याच नळीतलं थोडं मोठ्या बीकरमध्ये ओत, वीस-पंचवीस पट डिस्टिल्ड पाणी घाल आणि हलव. सल्फेटचा साका असेल तर तो विरघळून जाईल. क्लोराइडचा असेल तर जाणार नाही. दोघांचं रूपही वेगळं असतं. सिल्व्हर क्लोराइड दह्यासारखं फुटकं दिसतं, जोरात हलवलं की गोळा होऊन खाली बसतं आणि वरचं पाणी निवळतं. नळी खिडकीत उन्हात ठेवली तर काचेला लागलेली बाजू थोड्या वेळात जांभळट-राखाडी पडायला लागते. सिल्व्हर सल्फेट बारीक चकचकीत कणांचं असतं.

"पण अमोनियात विरघळलं की!" हो, आणि इथेच बहुतेक जण फसतात. अमोनियाची चाचणी क्लोराइडला ब्रोमाइड आणि आयोडाइडपासून वेगळं करायला आहे. सिल्व्हर क्लोराइड सौम्य अमोनियात विरघळतं, ब्रोमाइड विरघळायला कुरकुरतं, आयोडाइड विरघळत नाही. पण सिल्व्हर सल्फेटही अमोनियात विरघळतं. कार्बोनेट आणि फॉस्फेटही विरघळतात. म्हणून अमोनियाने साका गेला याचा अर्थ 'आयोडाइड नाही' एवढाच काढता येतो, आणि आयोडाइडचा संशय इथे कुणालाच नव्हता.

कार्बोनेट आणि फॉस्फेट वगळायला नायट्रिक ॲसिड लागतं, ते प्रश्नात कुठे दिसलं नाही. क्रम असा ठेवायचा: आधी द्रावणात सौम्य नायट्रिक ॲसिडचे काही थेंब, बुडबुडे येत असतील तर ते थांबेपर्यंत, आणि मग सिल्व्हर नायट्रेट. आपल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, त्यामुळे ही पायरी गाळली तर कार्बोनेटचाही पांढरट साका येतो. ॲसिड नायट्रिकच हवं. घाईत कुणी हायड्रोक्लोरिक घेतलं तर क्लोराइड आपणच टाकलं आणि आपणच शोधलं असं होतं. वर्गात हे इतक्या वेळा पाहिलंय की ॲसिडच्या दोन बाटल्या एका ट्रेवर ठेवायच्याच नाहीत, असा माझा नियम आहे.

याच्याच जोडीची एक सवय, आणि ती खास आपल्या हवेतली. नळी हलवायची म्हणून तोंडावर अंगठा ठेवून उलटी करतात. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास असतो, अंगठ्याला घाम असतो, घामात मीठ असतं. कोऱ्या पाण्याच्या नळीत धूसरपणा आला की मी आधी विचारतो, 'अंगठा लावला होतास का?' स्वच्छ बूच वापरा, नाहीतर नळीच्या बुडाला बोटाने टिचकी मारून हलवा.

बेरियम क्लोराइडचं पांढरं होणं तर अपेक्षितच होतं. एसओपीत सल्फेट आहे, ते बेरियमबरोबर बेरियम सल्फेट होऊन बसतं आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्येही विरघळत नाही. म्हणजे सल्फेट आहे, ठीक. पण सल्फेट आहे म्हणजे पोटॅशियम सल्फेटच आहे का? मॅग्नेशियम सल्फेटही हेच दाखवेल, सोडियम सल्फेटही हेच दाखवेल, आणि ही दोन्ही दिसायला पांढरी, पाण्यात छान विरघळणारी आणि एसओपीपेक्षा स्वस्त. बेरियम क्लोराइड टाकलेल्या नळीत नंतर क्लोराइड शोधू नका, ते तुम्हीच टाकलेलं आहे. सल्फेट काढून मग क्लोराइड पाहायचं असेल तर बेरियम नायट्रेटने साका पाडून, गाळून, गाळलेल्या पाण्यात नायट्रिक ॲसिड आणि सिल्व्हर नायट्रेट घालायचं. आणि बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात, ते घरात, विशेषतः स्वयंपाकघरातल्या ग्लासात, आणूच नका.

आता मुद्द्याची गोष्ट. कुणाला भेसळ करायची असेल तर दोन वाटा आहेत, आणि एका चाचणीने दोन्ही सापडत नाहीत.

पहिली वाट एमओपी मिसळायची. शुद्ध पोटॅशियम क्लोराइडमध्ये वजनाच्या ४७.५ टक्के क्लोरीन असतं. म्हणजे एसओपीत दर एक टक्का एमओपी मिसळला की क्लोराइड जवळजवळ अर्ध्या टक्क्याने वाढतं. समजा चांगल्या मालात दीड टक्का क्लोराइड होतं आणि दहा टक्के एमओपी मिसळलं. क्लोराइड सहा टक्क्यांच्या वर जाईल, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. पण पालाश? एमओपीत पालाश ६० टक्के, एसओपीत ५०. मिश्रणात ५१ येईल. म्हणजे पालाश कमी होत नाही, उलट वाढतो. नुसता पालाशचा रिपोर्ट मागवलात तर असा माल दिमाखात पास होतो. ही भेसळ क्लोराइडच पकडतं, आणि थोडीफार गंधकाची घट.

दुसरी वाट मॅग्नेशियम किंवा सोडियम सल्फेट मिसळायची. इथे उलटं होतं. क्लोराइड कमी दिसेल, सल्फेट भरपूर दिसेल, सिल्व्हर नायट्रेटवाला माणूस खूश होऊन घरी जाईल आणि पालाश मात्र खाली आलेला असेल. म्हणून मी शेतकऱ्यांना सांगतो, 'क्लोराइड नाही' असा निकाल आला तरी निर्धास्त होऊ नका. प्रयोगशाळेत नमुना देताना पालाश आणि क्लोराइड दोन्ही मागा.

मॅग्नेशियमचा संशय घरीही थोडा तपासता येतो. डिस्टिल्ड पाण्यातल्या द्रावणात कॉस्टिक सोड्याचं सौम्य द्रावण थेंबथेंब घाला. शुद्ध एसओपीत काही होणार नाही, मॅग्नेशियम असेल तर साबुदाण्याच्या पेजेसारखा बुळबुळीत पांढरा साका येईल. हे बोअरच्या पाण्यात करू नका, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियमच साका देईल. एक सावधगिरी मात्र हवी. पोटॅशियम-मॅग्नेशियम सल्फेटचं खतही कायदेशीरपणे विकलं जातं, तेव्हा आधी बॅगेवर काय छापलंय ते वाचा. सोडियमसाठी ज्योतीची चाचणी आहे. पोटॅशियमची ज्योत फिकट जांभळी, सोडियमची पिवळीधमक. अडचण अशी की जरासं सोडियमही पोटॅशियमचा रंग झाकून टाकतं, म्हणून निळ्या कोबाल्ट काचेतून बघतात, काच पिवळा रंग अडवते. त्यातून 'पोटॅशियम आहे' एवढं कळेल. पन्नास टक्के आहे की तीस, ते डोळ्याने कुणालाच कळत नाही, मलाही नाही. त्याला फ्लेम फोटोमीटर किंवा टेट्राफिनाइल बोरॉनची रीत लागते.

जाता जाता इतर खतांबद्दल, कारण भाच्याचा पुढचा प्रश्न तोच असेल. १३:०:४५ मध्ये नायट्रेटसाठी तपकिरी कड्याची चाचणी. फेरस सल्फेट ताजं विरघळवलेलं हवं, आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड आहे म्हणून सरांसमोरच करा. अमोनियमसाठी खत ओल्या चुन्यात कालवून किंचित गरम केलं की वास येतो. ०:५२:३४ मध्ये फॉस्फेट असतं, ते नायट्रिक ॲसिड आणि अमोनियम मॉलिब्डेटबरोबर पिवळं येतं. यातल्या प्रत्येकीला वरचाच नियम लागू: कोऱ्या पाण्याची नळी शेजारी हवी, आणि 'आहे' म्हणजे 'पुरेसं आहे' असं होत नाही.

तुमच्या खताचं क्लोराइड मोजायचंच असेल तर दोन पद्धती सांगतो. पहिली डोळ्याने तुलना करायची, कॉलेजच्या टेबलावर सहज होते. खत १ ग्रॅम तोलून डिस्टिल्ड पाण्यात १ लिटर करा. मग ते पाचपट पातळ करा. नियमातलं, अडीच टक्क्यांचं खत असेल तर यात लिटरला ५ मिलिग्रॅम क्लोराइड येतं. शेजारी तेवढ्याच क्लोराइडचं मिठाचं द्रावण तयार करा: प्रयोगशाळेतलं सोडियम क्लोराइड १.६५ ग्रॅम, १ लिटर. हे झालं लिटरला १००० मिलिग्रॅम, त्यातलं ५ मिली घेऊन १ लिटर करा. घरचं मीठ नको, त्यात मोकळं राहावं म्हणून घातलेल्या पावडरीने आधीच गढूळपणा येतो. तीन सारख्या नळ्या घ्या, एकीत कोरं पाणी, एकीत मिठाचं, एकीत खताचं. तिन्हीत सारखे थेंब नायट्रिक ॲसिड, सारखे थेंब सिल्व्हर नायट्रेट, पाच मिनिटं थेट उन्हापासून लांब. मग काळ्या कागदावर ठेवून वरून खाली बघा. खताची नळी मिठाच्या नळीपेक्षा पातळ धुक्याची असेल तर माल नियमात आहे. स्पष्ट दाट असेल तर संशयाला जागा आहे. इतक्या पातळ द्रावणात सिल्व्हर सल्फेट पडू शकत नाही, म्हणून ती भानगड आपोआप मिटते.

दुसरी पद्धत मोहरचं टायट्रेशन, ज्याने आकडाच मिळतो. ०.०१४१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट वापरतात, म्हणजे लिटरला २.३९५ ग्रॅम. याचा १ मिली म्हणजे अर्धा मिलिग्रॅम क्लोराइड, त्यामुळे हिशोब तोंडी होतो. वरच्या एक ग्रॅम प्रतिलिटर द्रावणातलं १०० मिली घ्या, म्हणजे ०.१ ग्रॅम खत. पोटॅशियम क्रोमेटचं ५ टक्के द्रावण १ मिली टाका आणि ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडा. पिवळ्यातून पहिली विटकरी छटा आली आणि हलवूनही गेली नाही की थांबा. कोऱ्या पाण्याला जे लागलं, सहसा ०.२ ते ०.३ मिली, ते वजा करा. अडीच टक्क्यांच्या खताला ५ मिली लागतील. वर सांगितलेल्या दहा टक्के भेसळीच्या मालाला बारा मिलीच्या आसपास. हा फरक नवशिक्याच्या हातूनही चुकत नाही, म्हणून मला ही रीत आवडते. सिल्व्हर नायट्रेट आधी मिठाच्या प्रमाणित द्रावणाने पडताळून घ्या, ०.८२४ ग्रॅम प्रतिलिटर मीठ आणि वरचं सिल्व्हर नायट्रेट मिलीला मिली जुळलं पाहिजे. उन्हात ठेवलेली पांढरी बाटली भरवशाची नाही, तपकिरी बाटली आणि कपाट.

इथे एक गोंधळ हमखास होतो. साध्या चाचणीत नायट्रिक ॲसिड टाकायचंच, मोहरमध्ये ते चालत नाही. द्रावण साधारण उदासीन हवं, सामू (पीएच) ७ ते १० दरम्यान. आम्ल असेल तर क्रोमेटचा पिवळा रंग नारिंगीकडे झुकतो आणि शेवट उशिरा दिसतो, म्हणजे क्लोराइड आहे त्याहून जास्त येतं. मानहाइमच्या खतात थोडी आम्लता असू शकते हे वर आलंच आहे. अशा वेळी चिमूटभर शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट टाकून सामू सावरायचा. फॉस्फेट असलेल्या खताला ही रीत लावू नका, आकडा फुगतो.

काही काळज्या सुरक्षेच्या. अमोनियात विरघळवलेलं सिल्व्हरचं द्रावण बाटलीत भरून ठेवू नका. काही तासांत, दिवसांत त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. काम झालं की लगेच सौम्य नायट्रिक ॲसिड घालून आम्लधर्मी करा, सिल्व्हर क्लोराइडचा साका परत येतो, तो वेगळा साठवा. आणि तीव्र अमोनियाची बाटली उन्हाळ्यात उघडण्याआधी थंड पाण्यात ठेवा. खानदेशातल्या मे महिन्यात आत इतका दाब असतो की बूच फिरवताच वाफेचा फवारा तोंडावर येतो. क्रोमेट विषारी आहे, ते मोरीत, विहिरीजवळ ओतायचं नाही, कॉलेजच्या कचरा कॅनमध्ये द्यायचं. सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी पडतील, त्याची चिंता करू नका, चार-आठ दिवसांत जातात. आमची तर कायमचीच आहेत.

आता शेतीच्या अंगाने. हे पिकावर आणि पाण्यावर अवलंबून आहे. केळीला पालाश प्रचंड लागतो, आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं तो एमओपीनेच दिला जातो. थोडं क्लोराइड जास्त गेलं म्हणून केळीचा घड बिघडला असं म्हणता येणार नाही. तेव्हा केळीपुरता हा प्रश्न मुख्यतः पैशाचा आहे: एसओपीचा भाव देऊन एमओपी घेतलंत का? लिंबू, संत्रा किंवा द्राक्ष असतं तर मी वेगळं बोललो असतो, ही पिकं क्लोराइडला नाजूक आहेत. आणि पाणी मूळचंच मचूळ असेल तर केळीतही विचार करावा लागतो, कारण एमओपीचा क्षार-निर्देशांक, म्हणजे खत मातीतल्या पाण्याचा खारेपणा किती वाढवतं त्याचा आकडा, ११६ आहे आणि एसओपीचा ४६. ठिबकाखाली ओल्या वर्तुळाच्या कडेला पांढरी रेघ उठत असेल तर खताआधी पाण्याचा रिपोर्ट काढा.

तक्रारीबद्दल. दुकानदाराशी भांडण काढण्याआधी वरची तुलनेची चाचणी एकदा नीट करून घ्या. नमुना पोत्याच्या वरच्या थरातून मूठभर नको. वरून, मधून, खालून घेऊन एकत्र कालवा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, असं करत लहान करा. तरीही संशय राहिला तर तुमची फोडलेली बॅग कायद्याच्या कामाची नाही. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागात लेखी अर्ज द्या, सोबत पक्कं बिल, बॅगेचा फोटो आणि त्यावरचा बॅच क्रमांक. खत निरीक्षक त्याच बॅचच्या न फोडलेल्या बॅगेतून रीतसर नमुना काढतो, सील करतो आणि तो शासकीय खत नियंत्रण प्रयोगशाळेत जातो. म्हणून दुकानात त्या बॅचच्या बॅगा शिल्लक आहेत तोवरच अर्ज द्या.

खासगी प्रयोगशाळेत स्वतःसाठी नमुना देणार असाल तर अर्जावर 'पालाश, एकूण क्लोराइड, गंधक, सोडियम आणि ओलावा' असं स्पष्ट लिहा, आणि क्लोराइडचा आकडा कोरड्या वजनावर द्यायला सांगा. अडीच टक्क्यांची मर्यादा कोरड्या वजनावर आहे. ओल्या वजनावरचा २.४७ घेऊन दुकानात गेलात आणि ओलावा दीड टक्का निघाला, तर तोच नमुना २.५१ होतो. अशा काठावरच्या नमुन्यावर मात्र मी कुणालाच भेसळवाला म्हणणार नाही. सहा-सात आला तर बोला.